सहलींच्या यादीत लहान, आगळ्या ठिकाणांनाही स्थान हवे

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्टीचे आणि शालेय सहलींचे दिवस जवळ आले की कुटुंबाने कोठे जावे, या प्रश्नाला हल्ली एकच उत्तर मिळते, ते म्हणजे मोठे मनोरंजन उद्यान. गोराईचे १९८९ मध्ये सुरू झालेले एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद पडेपर्यंत मुंबई परिसरातल्या कित्येक पिढ्यांची सहल तेथेच झाली आणि २०१३ पासून खोपोलीजवळच्या इमॅजिकाने तो मान घेतला. या उद्यानांना माझा विरोध नाही. तेथील पाळण्यांवर उंचीची, रक्तदाबाची आणि पाठीच्या दुखण्याची जी बंधने असतात, ती सुरक्षिततेसाठी हवीतच. परंतु त्यामुळे एकत्र निघालेल्या घरातले आजी-आजोबा आणि सर्वांत धाकटे मूल दिवसभर पिशव्या सांभाळत सावली शोधतात आणि तिकीट मात्र जवळजवळ सर्वांचेच काढावे लागते, हे मला खटकते.

तीन पिढ्यांना एकाच वेळी रमवणारी ठिकाणे आपल्याकडे आहेत. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातील सिद्धगिरी संग्रहालयात जुन्या खेड्याचे जीवन माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केले आहे. कुंभार, लोहार, न्हावी, विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायका, गोठ्यातली जनावरे अशी दृश्ये उघड्या माळावर, चालता चालता पाहता येतात. येथे माहिती सांगण्याचे काम आपसूक घरातल्या वडीलधाऱ्यांकडे येते. मोटेचे पाणी विहिरीकाठच्या थारोळ्यात, म्हणजे कुंडात, कसे पडते, मोटेच्या नाडा आणि सोंदूर या दोरांत फरक काय, बलुतेदाराला सुगीत धान्य कसे मिळे, हे आजोबा सांगू लागले की नातवंडे पुढच्या देखाव्याकडे धावायचे विसरतात.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय १९९८ पासून आहे. एका दालनात सबंध शहर मांडलेले असून त्यातून आगगाड्या धावतात, सिग्नल बदलतात, फाटके पडतात आणि अंधार केल्यावर घराघरांतले बारीक दिवे लागतात. एका माणसाच्या छंदातून असे काही उभे राहते, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे. पेशवे उद्यानातली फुलराणी ही छोटी आगगाडी तर १९५६ पासून पुणेकर मुलांना फिरवीत आली आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाचेही नाव येथे घ्यायला हवे.

मोठ्या उद्यानांचे फलक महामार्गावर मैलोगणती दिसतात, त्यांच्या जाहिराती घरोघर पोहोचतात. लहान संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते, हेदेखील बाहेरगावच्या माणसाला दारात पोहोचेपर्यंत अनेकदा कळत नाही. गेल्या हिवाळ्यात अशाच एका ठिकाणी आम्ही वृद्ध आईला घेऊन गेलो, तेव्हा पायऱ्यांना कठडा नव्हता आणि स्वच्छतागृहाला कुलूप होते. पाहण्यासारखे पुष्कळ असूनही तिला अर्ध्यातून परत आणावे लागले.

माझ्या मागण्या फार खर्चिक नाहीत. राज्याच्या पर्यटन विभागाने अशा ठिकाणांच्या वेळा, सुट्टीचा वार, तिकीट आणि ज्येष्ठांसाठीच्या सोयी यांची जिल्हावार यादी मराठीत प्रसिद्ध करावी आणि ती दरवर्षी तपासून अद्ययावत ठेवावी. शाळा सहलीसाठी प्रासंगिक करारावर एसटीची बस घेतात, तेव्हाच आगारातून ही यादी मुख्याध्यापकांच्या हाती दिली जावी. महामार्गावरून ज्या वळणावर आत शिरायचे, तेथे ठळक मराठी फलक असावा. आणि ज्या संग्रहालयांना स्वच्छतागृह, उताराचा मार्ग व बसायला बाकडी करण्याइतके उत्पन्न नाही, त्यांना त्या कामापुरते अनुदान मिळावे. सहलींचा हंगाम तोंडावर आहे, म्हणून निदान यादीचे काम तरी या वर्षीच हाती घ्यावे, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली