चौथा रकाना कोरा ठेवणाऱ्या पाळकसाहेबांना

नंदुरबार

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

रविवारच्या ठरलेल्या बायबल-पाठांची जी वही तुम्ही मला आखून दिली होती, तिच्यातला चौथा रकाना गेल्या रविवारी भरला. आता त्यात एक ओळसुद्धा मावत नाही. म्हणून नवीन रजिस्टर आणलं, पट्टीने रेघा मारल्या आणि तुमचे पहिले तीन रकाने जसेच्या तसे उतरवून घेतले. ते करता करता मनात आलं, या माणसाचे आपण नीट आभार कधी मानलेच नाहीत. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण आपल्या खानदेशात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आठवडाभर शाळा नाहीतर शेती, आणि पाळक महिन्यातून एकदाच येतात म्हणून उरलेल्या रविवारी संदेशाला, म्हणजे प्रवचनाला, उभं राहायचं.

ती पाळी माझ्यावर आली तेव्हा मी शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर बायबल उघडायचो आणि आवडीचं वचन काढायचो. आवडीची वचनं पाच-सहाच. तेविसावं स्तोत्र, यिर्मया २९:११, फिलिप्पै ४:१३, की पुन्हा तेविसावं. वचन झालं की मंडळीला रागवायचं. उशिरा येता, दान देत नाही, दारू सुटत नाही. वर्गात पोरांना रागवायची सवय होतीच. एका रविवारी प्रार्थनेला उत्तर का मिळत नाही यावर बोलताना मी म्हणून गेलो, ‘आपला विश्वास कमी पडतो.’ तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. मिरची वाळवायच्या पथारीवर बसून त्या दिवसभर देठ खुडतात, रात्री हातांची आग होते म्हणून झोप लागत नाही, आणि घरी आजारी नात. वर्षभर ती बाई त्या पोरीसाठी प्रार्थना करत होती. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

तुम्ही त्याच हिवाळ्यात छिंदवाड्याकडून मुलीकडे राहायला आला होतात. तुम्ही ल्यूथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले. आमची मंडळी ल्यूथरन नाही, तरी तुम्ही दर रविवारी येऊन मागच्या बाकावर बसायचात. माझ्या त्या संदेशानंतर तुम्ही एकच विचारलंत, ‘गुरुजी, आजचा पाठ कोणी निवडला?’ मी म्हणालो, ‘मीच.’ तुम्ही काही बोलला नाहीत. बुधवारी मधल्या सुट्टीत ती वही घेऊन शाळेत आलात.

वहीचं पहिलं पान मला पाठ आहे. रविवार निळ्या शाईत, वेदीवरच्या कापडाचा त्या दिवसाचा रंग त्याच्या शेजारी (जांभळा, पांढरा, हिरवा, लाल), तिसऱ्या रकान्यात त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला वाचायचा पाठ, लाल शाईत. चौथ्याच्या डोक्यावर फक्त एवढंच लिहिलेलं, ‘या आठवड्यात गावात काय चाललं आहे?’ आणि खाली सगळं कोरं. मी विचारलं, हे कोण भरणार? तुम्ही म्हणालात, ‘तिसरा रकाना तुमच्या हातात नाही, चौथा तुमचा.’

आमच्याकडे चर्चचं वर्ष म्हणजे नाताळ, गुड फ्रायडे आणि ईस्टर. मधल्या रविवारांनाही नावं असतात, नाताळाआधीच्या आगमनकाळापासून ईस्टरनंतरच्या त्रैक्य रविवारापर्यंत आणि त्यापुढेही शुभवर्तमानं ठरलेली असतात, आणि ही जुनी एका वर्षाची पाठमाला ल्यूथरच्याही आधीपासून चालत आली, त्याने ती मोडली नाही, हे सगळं तुम्ही शाळेच्या ओट्यावर बसून सांगितलंत. १५२१ मध्ये तो जर्मनीतल्या वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिला होता, तेव्हा याच पाठांवर संदेश लिहायला बसला. ज्यांना स्वतःहून संदेश तयार करता येत नाही अशा पाळकांच्या हाती काहीतरी असावं म्हणून. त्या संग्रहाला पोस्टिल म्हणतात. साहेब, पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी माझ्यासारख्यांचा विचार केला होता हे ऐकून मला किती धीर आला, ते मी तेव्हा बोललो नाही.

त्या संग्रहाच्या सुरुवातीला शुभवर्तमानात काय शोधावं यावर ल्यूथरने जे लिहिलं, ते तुम्ही मला तीनदा समजावलंत. ख्रिस्त आधी देणगी म्हणून घ्यायचा, मग कित्ता म्हणून. त्याला दुसरा मोशे, म्हणजे नियम देणारा, करून लोकांच्या डोक्यावर बसवायचं नाही. वहीच्या आतल्या बाजूला तुम्ही विटेनबर्गच्या चर्चमधल्या वेदीच्या चित्राचा फोटो चिकटवला आहे, क्रानाख या चित्रकाराच्या १५४७ च्या चित्राचा. एका बाजूला ल्यूथर, एक हात उघड्या बायबलवर, दुसरा समोर दाखवणारा. दुसऱ्या बाजूला मंडळी. मध्ये फक्त वधस्तंभावरचा येशू. ‘बघा, त्याचं बोट लोकांकडे नाही,’ तुम्ही म्हणालात. माझं बोट दर रविवारी कुठे असायचं, ते तुम्ही बोलून दाखवलं नाहीत.

आता त्या रविवारबद्दल. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, दुसरा रविवार, रंग जांभळा, मत्तय १५:२१-२८. कनानी, म्हणजे इस्राएलाबाहेरची, बाई आणि तिची आजारी मुलगी. आजी पुन्हा येऊ लागल्या होत्या, तुम्हीच त्यांच्या घरी जाऊन आला होतात. पाठ पाहून मी शनिवारी तुम्हाला फोन केला, साहेब, हा एवढा बदलू द्या. त्या बाईच्या हाकेला येशू एक शब्द बोलत नाही. मग म्हणतो, मला इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांकडेच पाठवलं आहे. मग मुलांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नाही म्हणतो. हे मी त्या आजींसमोर कसं वाचू?

तुम्ही सायकल काढून आलात. रात्री साडेदहापर्यंत आपण त्या आठ ओळींवर बसलो. ती बाई परत गेली नाही हे बघा, तुम्ही म्हणालात. तीन वेळा नकार मिळाला, तरी तिने त्याला त्याच्याच शब्दात धरलं. बरं, मी कुत्री तर कुत्री, मग मेजाखालचा चुरा माझ्या हक्काचा. ल्यूथर म्हणतो, त्या नकाराच्या खाली एक खोल, गुप्त ‘हो’ होता आणि तिच्या विश्वासाने तो ऐकला. ‘गुरुजी, देव गप्प आहे म्हणजे विश्वास कमी आहे असं इथे कुठे लिहिलंय? ज्या बाईला उत्तर मिळत नव्हतं तिलाच तो म्हणतो, तुझा विश्वास मोठा.’

दुसऱ्या दिवशी मी आधी माफी मागितली. मागे मी चुकीचं बोललो, म्हणालो. मग पाठ वाचला आणि एवढंच सांगितलं की ज्याच्याकडे ती बाई ओरडत होती तोच पुढे वधस्तंभावर ओरडला आणि त्यालाही त्या घटकेला उत्तर आलं नाही. तुमच्या नातीसाठी तुम्ही ज्याला हाक मारता त्याला ती गप्प वेळ ठाऊक आहे. अकरा मिनिटांत संदेश संपला. बाहेर आजींनी माझा हात धरला. त्यांच्या बोटांना मिरचीचा वास होता. म्हणाल्या, ‘गुरुजी, आज माले भाकर भेटनी.’

नातीचं दुखणं अजून आहे. आजी दर रविवारी तिसऱ्या रांगेत असतात.

त्यानंतर मी एकही पाठ टाळला नाही. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा पाठ लेंटच्या आधी येतो, इकडे पथारीवर वजनावर मजुरी मोजायच्या दिवसांत. पहिल्या वर्षी मला तो दाखला अन्यायाचा वाटला होता. दुसऱ्या वर्षी चौथ्या रकान्यात ‘हात दुखतो म्हणून निम्मी मजुरी’ असं लिहिलं, आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही पुरा रुपया देणारा धनी मला पहिल्यांदा दिसला. पेरणाऱ्याचा दाखला मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. कापसाच्या शेतकऱ्यांपुढे मुरमाड जमीन, काटेरी जमीन असं सांगायला लागलो की त्यांनाच जास्त कळतं, मी शिकवतोय असं वाटत नाही. त्यावर एकदा बोलायचं आहे.

मुलगी सांगत होती, तुम्हाला आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून नवं रजिस्टर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, एका पानावर दोनच रविवार. पहिलं पान आगमनकाळाचं, मत्तय २१, गाढवीवर बसून येणारा राजा. झावळ्यांच्या रविवारची, ईस्टरच्या आदल्या रविवारची, गोष्ट नाताळाआधी कशाला, असं मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘कारण तो तुमच्याकडे येतो, तुम्ही त्याला शोधायला निघायच्या आधी.’ त्या रविवारी तुम्हाला घ्यायला मी साडेआठला मोटारसायकल घेऊन येतो. मागच्या बाकावर नाही, पुढे बसा.

तुमचा,
गुरुजी