माझ्या वाटची प्रार्थना तुम्ही केलीत

प्रिय सिस्टर,

प्रभूमध्ये सलाम.

आमच्या मेडिसिनच्या वॉर्डातल्या तुमच्या निरोप समारंभात मी आभार मानायला उभी राहिले, तेव्हा तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. 'अकरा नंबरच्या सोडियमचा रिपोर्ट आलाय, आधी तो बघा,' म्हणालात. म्हणून आता लिहून सांगतेय. उघड पत्र लिहायचं कारण असं, की लवकरच एमडीची नवी बॅच रुजू होईल. तिच्यात मिरजेकडची, नगरकडची, जालन्याकडची आपली ख्रिस्ती मुलंमुलीही असतील. रविवारच्या उपासनेत पुढे बोलावून, डोक्यावर हात ठेवून मंडळीने त्यांच्यासाठी प्रार्थना केलेली असेल. पहिल्या काही महिन्यांत काय होतं, ते मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसेल. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मी ज्या घरात वाढले तिथे मुलगी डॉक्टर होणार म्हणजे देवाने तिला बोलावलंय, हे गृहीतच होतं. संडे स्कूलमध्ये डॉ. वानलेस यांची गोष्ट दर वर्षी व्हायची. कॅनडातला तो तरुण मिशनरी सर्जन, आणि 1894 साली मिरजेत सुरू झालेलं त्याचं इस्पितळ. भारतातल्या अमेरिकन मिशनरी डॉक्टरची मुलगी आयडा स्कडर, त्यांची गोष्ट तर मला पाठ होती. एकाच रात्री तीन घरांतून बाळंतपणासाठी आलेलं बोलावणं, पुरुष डॉक्टर चालणार नाही म्हणून माघारी गेलेले तिघे नवरे, सकाळपर्यंत गेलेल्या तिघी बायका. मग तिचं अमेरिकेत डॉक्टर होणं, 1900 मध्ये वेल्लोरला परतणं, 1918 मध्ये तिथे मुलींसाठी वैद्यकीय शाळा उघडणं. या गोष्टी मला आजही प्रिय आहेत. पण त्या सांगताना आपण बोलावण्यापासून थेट इमारतीपर्यंत येतो. मधल्या रात्री गाळतो. त्यामुळे मेडिसिनच्या वॉर्डात पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर म्हणून आले, तेव्हा माझी भाबडी खात्री होती की बोलावणं खरं असेल तर बळही पाठोपाठ येईल.

इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरायचं ते दुसऱ्या दिवशीचा राउंड, डिस्चार्ज कार्डं आणि रक्ताचे नमुने उरकून संध्याकाळी बाहेर पडायचं. खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत नातेवाईक आळीपाळीने अँबू, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत बसलेले. खोलीवर उशाशी पवित्र शास्त्र होतं, पण 'हे स्वर्गीय पित्या' एवढं म्हणेपर्यंत झोप लागायची. रविवार कधी आला नि गेला, कळायचं नाही. घरून आई फोनवर विचारायची, 'प्रार्थना करतेस ना?' मी 'हो' म्हणायचे. ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं.

मग तो कीटकनाशक प्यालेला तरुण शेतकरी आला. त्याचं गाव, वय काही लिहीत नाही. तुम्हाला तो आठवत असणारच.

नव्या मुलांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात ही केस त्यांना पहिल्याच आठवड्यात भेटेल. फवारणीच्या ऑर्गनोफॉस्फरस औषधाने माणसाची फुप्फुसं स्वतःच्याच स्रावाने भरत जातात. तोंडाला फेस, अंगभर घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्यावर अ‍ॅट्रोपिन द्यायचं, दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर कायम असेल तर डोस दुप्पट करायचा. एका अँप्यूलमध्ये 0.6 मिलिग्रॅम औषध. दुप्पट-दुप्पट करत गेलं की काही वेळातच अँप्यूल फोडणाऱ्याची बोटं कापायला लागतात. त्या रात्री अँप्यूल तुम्ही फोडत होतात. वॉर्डात दुसरी सिस्टर नव्हती, बाकी सगळे पेशंटही तुमच्याकडेच होते, तरी तुम्ही ट्रे घेऊन माझ्या बाजूला उभ्या राहिलात. दर डोसची वेळ चार्टवर लिहीत होतात आणि मी स्टेथोस्कोप उचलला की वॉर्डबॉय मामांना 'जरा आवाज बंद' म्हणत होतात. पहाटे त्याची छाती कोरडी झाली. बाहुल्या मोठ्या झाल्या. आपण दोघी हसलो, कारण अ‍ॅट्रोपिन पुरेसं पोचल्याची ती खूण होती.

तुम्ही मात्र मला तेव्हाच सावध केलंत. 'अजून चार दिवस याची मान बघत राहा,' म्हणालात. पुस्तकात त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. विषाचा पहिला जोर ओसरल्यावर एक ते चार दिवसांत आधी मानेचे, मग श्वासाचे स्नायू ढिले पडू लागतात. तुम्ही दर फेरीला त्याच्याजवळ थांबून म्हणायचात, 'भाऊ, उशीवरून डोकं उचला बघू.' तिसऱ्या दिवशी त्याला ते उचलता आलं नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही वेळेत नळी घातली, व्हेंटिलेटरवर घेतलं. पुढे न्यूमोनिया झाला आणि सगळं करूनही तो गेला.

त्याच्या बायकोला सांगायला मी निघाले, तेव्हा तुम्ही मला व्हरांड्यात बोलू दिलं नाहीत. तिला ड्यूटी रूममध्ये आणलंत, खुर्चीवर बसवलंत, पाणी दिलंत, तिच्या दिराला शेजारी उभं केलंत. मग मला खुणेनं सांगितलंत, आता बोला. तिने विचारलं, असं का झालं? मी न्यूमोनियाबद्दल सांगितलं. तिला ते विचारायचं नव्हतं, हे आपल्या दोघींनाही कळत होतं. तुम्ही तिचा हात धरून नुसत्या बसलात. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तुम्ही कुणालाही 'देवाची इच्छा' असं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. मी याबद्दल विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'लाजाराच्या कबरीपाशी प्रभू रडला. त्याने तसं म्हटलं नाही, तर मी कशी म्हणू?'

त्या दिवसानंतर माझी प्रार्थना थांबली. देवावर राग होता म्हणावं, तर तेवढंही त्राण नव्हतं. डोळे मिटले की आत काहीच नसायचं. मंडळीतल्या एका ओळखीच्या मोठ्या माणसाला फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, विश्वास कमी पडतोय. ते वाक्य घेऊन मी कित्येक दिवस वॉर्डात फिरत होते.

तुम्हाला मी काही सांगितलं नव्हतं. तुम्हीच एका रात्री ओळखलंत, आणि पहिला प्रश्न विचारलात, 'जेवलीस का?' चारचौघांत मला डॉक्टर म्हणणाऱ्या तुम्ही एकेरीवर आलात तेव्हाच माझं धैर्य सुटलं. बाजरीची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी होती. ते खायला लावून तुम्ही मला सिस्टरांच्या कपडे बदलायच्या खोलीत तासभर झोपायला पाठवलंत. 'काही लागलं तर मी उठवते. नाही लागलं तरी तासाने उठवते.' आणि उठवलंत, बरोबर तासाने.

एलीयाची गोष्ट तुम्ही मला नंतर आठवून दिलीत. तो संदेष्टा रानात झुडुपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला झोपू देतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. देवाची वाणी होरेब डोंगरावर येते ती त्यानंतर, आणि तिथवर पोचायला त्याला चाळीस दिवस चालावं लागतं. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत होते, पण आमच्याकडे ती कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने उतरलेल्या अग्नीपाशीच संपायची. तुम्ही मला पुढचा अध्याय दिलात.

मग तुम्ही 88 वं स्तोत्र वाचायला सांगितलंत. मला वाटलं, दिलासा असेल. त्या स्तोत्रात दिलासा नाही. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. जिवलग दूर गेले आणि अंधार उरला, असं म्हणून ते थांबतं. मी ते मोबाईलवर, ब्लड बँकेच्या खिडकीपाशी पिशव्यांची वाट बघत वाचलं. असं बोलणाऱ्या माणसाचे शब्द कुणी पवित्र शास्त्रातून काढून टाकले नाहीत, हे मला त्या खिडकीपाशी पहिल्यांदा दिसलं.

पण सगळ्यात मोठं ऋण आहे ते कफर्णहूमच्या त्या बाजेचं. मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उघडून बाज खाली सोडतात. मी म्हणाले होते, 'सिस्टर, मला प्रार्थनाच करता येत नाही.' तुम्ही सलाईनचे थेंब मोजत होतात, मोजून होईपर्यंत बोलला नाहीत. मग म्हणालात, 'त्या बाजेवरच्या माणसाने काय प्रार्थना केली होती, सांग बघू?' मी आठवून पाहिलं. तो एक शब्दही बोलत नाही. येशू विश्वास पाहतो तो त्या उचलून आणणाऱ्यांचा. 'मग सध्या तू पडून राहा,' म्हणालात. 'तुझ्या वाटची मी करते.'

आणि तुम्ही ती केलीत. रोज केलीत, हे मला तुमच्या घरच्यांकडून पुढे कळलं. मी तुमच्या विश्वासावर जगले, सिस्टर. हे मला साध्या अर्थाने म्हणायचंय. माझ्याकडे शिल्लक नव्हती, तुम्ही तुमच्यातून भरलीत.

तुम्ही सरकारी वॉर्डात धर्म कधी पेशंटच्या अंगावर घातला नाहीत. तिथे सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात, आजारी माणूस 'नको' म्हणू शकत नाही, त्यामुळे त्याने मागितल्याशिवाय त्याच्यासमोर मोठ्याने प्रार्थना करणं बरोबर नाही, असं तुमचं स्पष्ट मत होतं. ते माझंही झालं आहे. तुमची प्रार्थना बेसिनपाशी चालायची. साबणाने हात नीट धुवायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पोस्टरप्रमाणे 40 ते 60 सेकंद लागतात. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली की तेवढ्यात होते. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना तुम्ही ती मनात म्हणत होतात, हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मीही ते करून पाहिलं. सुरुवातीला नुसते शब्द होते. आता 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' इथे आले की पुढच्या खाटेवरच्या माणसाचं नाव मनात येतं. माझी प्रार्थना परत आली ती अशी, बेसिनपाशी. ती पूर्वीसारखी लांबलचक नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार मानायचे आहेत, कारण ती आपल्या मंडळीत कमी बोलली जाते. माझा थकवा ही माझी आध्यात्मिक परीक्षा आहे, असं तुम्ही मला मानू दिलं नाहीत. निवासी डॉक्टरांसाठीच्या केंद्र सरकारच्या 1992 च्या योजनेत सलग 12 तासांपेक्षा जास्त काम नको, आठवड्याला साधारण 48 तास, आणि पाळीपाळीने एक सुट्टी असं लिहिलेलं आहे. तो कागद मला मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, मुलांनी दाखवला. तुम्ही तो वाचलात आणि म्हणालात, शब्बाथ, देवाने सांगितलेला विसाव्याचा दिवस, तर त्याहून जुना आहे. मग तुम्ही स्वतः आमच्या सीनिअर रेसिडेंटशी बोललात. कोणत्या रात्री कोण जास्त थकलेलं असतं, औषधं लिहिताना कोणाचा हात थबकतो, हे तुम्ही त्यांना ज्या सरळपणे सांगितलंत, तसं सांगायची आमची कुणाची छाती झाली नसती. त्यानंतर आम्हाला आळीपाळीने का होईना, सुट्टी मिळू लागली. सेवेच्या नावाखाली माणसाला झोपेवाचून झिजवणं ख्रिस्ती आहे, असं कुणी सांगितलं तर मी आता ऐकून घेणार नाही.

नाताळला आपण दोघी ड्यूटीवर नव्हतो, कारण तुम्ही दिवाळीच्या रात्री घेतल्या होत्या आणि मलाही घ्यायला लावल्या होत्या. बाकीच्या सिस्टरांनी आणि माझ्या बॅचमेटनी त्याची आठवण ठेवली. त्या सकाळी तुमच्याबरोबर चर्चमध्ये प्रभुभोजन घेतलं, कित्येक महिन्यांनी. दुपारी तुमच्या घरच्या करंज्या डब्यात भरून वॉर्डात नेल्या.

मिरजेला नर्सिंग शिकताना तुमच्या मेट्रननी तुम्हाला घडवलं, असं तुम्ही नेहमी सांगायचात. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांचेही आभार. आपल्या आज्यांच्या पिढीत ख्रिस्ती मुली या कामात आल्या, तेव्हा परक्यांची मलमूत्रं काढणाऱ्या म्हणून लोक त्यांना नावं ठेवत. त्या तरीही आल्या. वानलेस आणि स्कडर यांच्याबरोबर संडे स्कूलमध्ये त्यांचीही गोष्ट सांगायला हवी. मी गावी गेले की पाळकसाहेबांना तसं सुचवणार आहे, आणि त्यांनी मलाच सांगायला लावलं तर तुमची सांगणार आहे. आधी तुमची परवानगी मागते. नाव घेणार नाही.

तुम्ही गेल्यानंतर वॉर्डात रात्रीला नव्या सिस्टर आल्या आहेत. कीटकनाशकाचे पेशंट येतातच. त्यांची मान मी दर फेरीला बघते, आणि इंटर्नना बघायला शिकवते. गेल्या महिन्यात एक मुलगी चौथ्या दिवशी डोकं उचलून 'किती वेळा सांगताय' म्हणाली आणि चालत घरी गेली. तुम्हाला फोन करायचा होता, पण रात्रीचे दोन वाजले होते आणि तुम्ही आता रात्री झोपता, हे आठवलं.

गुडघा कसा आहे? ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा. रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. तुम्ही शुद्धीवर येईपर्यंत बेसिनपाशी उभं राहायचं काम आता माझं. आणि तुमच्या प्रार्थनेच्या वहीत जागा असेल तर नव्या येणाऱ्या बॅचला घ्या. नावं अजून माहीत नाहीत, यादी लागली की पाठवते.

तुमची,
मेडिसिन विभागातली एक निवासी डॉक्टर