आधी छप्पर, मग रंगमंच : कला केंद्राच्या जुन्या इमारतींसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या कला केंद्राच्या जुन्या इमारतींसाठी आम्ही मदत मागत आहोत. ती हवी आहे पन्हळींसाठी, छपराखालच्या लाकडासाठी, वायरिंगसाठी आणि भिंतींवरचे सिमेंट काढण्यासाठी. यातले फारसे काही काम झाल्यावर डोळ्यांत भरणार नाही. नवे पडदे, दिवे, खुर्च्या यांसाठी देणगीदार आपणहून पुढे येतात आणि त्यांचे आमच्यावर ऋण आहे. पण पन्हळीवर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणून हे काम वर्षानुवर्षे मागे पडत गेले. आता ते पुढे ढकलण्यासारखे राहिलेले नाही.

मोठ्या सभागृहाचे छप्पर मागच्या इमारतीला जिथे मिळते, तिथली पन्हळ फुटली आहे. पाणी भिंतीच्या माथ्यात शिरते आणि आतून खाली उतरते. छपराच्या तुळयांची टोके याच भिंतीत बसवलेली आहेत. तुळईचा मधला भाग वाऱ्यावर असल्यामुळे वाळतो, भिंतीत गाडलेले टोक मात्र ओलेच राहते आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. खालून पाहिले तर तुळई धडधाकट दिसते. तपासणीत टोकाजवळ टोच्या घातला, तेव्हा तो सहज आत गेला. त्या भागाखाली आता टेकू लावले आहेत आणि तिथल्या खुर्च्या काढून घेतल्या आहेत.

भिंतींचे दुखणे वेगळे आहे. त्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. चुना ओल शोषतो तशी ती हवेत सोडूनही देतो. पूर्वी कधीतरी चांगल्या हेतूनेच त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला आणि ओल बाहेर पडायची वाट बंद झाली. आत अडकलेले पाणी वर चढते, सोबत क्षार आणते. पाणी उडून गेले की त्या क्षारांचे स्फटिक विटेच्या आतच वाढतात आणि विटेची भुकटी करतात. लोणा लागलेल्या भिंतीवरचे पोपडे आपल्याला दिसतात, खरी झीज त्यांच्या मागे चालू असते. बऱ्याच जणांनी आपुलकीने प्लास्टिक पेंटचे डबे देऊ केले आहेत. कृपया ते आणू नका. तो रंगही भिंतीचा श्वास तसाच कोंडतो.

उपाय जुनाच आहे. सिमेंट हलक्या हाताने छिन्नीने उतरवायचे, भिंतीला वाळायला अवधी द्यायचा, विटांमधल्या दरजा चुन्याने भरायच्या आणि मग चुन्याचाच गिलावा पातळ थरांनी द्यायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. त्याला कडक ऊन सोसत नाही, घाई तर मुळीच नाही. त्यामुळे या कामात खर्च मालापेक्षा मजुरीवर जास्त होतो, आणि तो व्हायलाच हवा असे आमचे मत आहे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी थोडेच उरले आहेत. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांना मेहनताना देता यावा म्हणून काही रक्कम आम्ही वेगळी ठेवणार आहोत. तुळयाही सरसकट बदलायच्या नाहीत. कुजलेले टोक कापून त्याच जातीच्या, नीट वाळलेल्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडता येतो आणि बाकीची तुळई आपल्या जागी राहते.

‘पाडून नवे का बांधत नाही?’ असा प्रश्न सभेत आला. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर वरच्या मजल्यावरच्या नृत्यवर्गात येऊन पाहावे. तिथली जमीन लाकडी फळ्यांची, त्यांच्याखाली आडव्या लाकडी कड्या. पाय आपटला की ती किंचित दबते आणि तो हिसका स्वतः घेते. काँक्रीटवरची फरशी दबत नाही, सगळा हिसका नाचणाऱ्याच्या घोट्यांना आणि गुडघ्यांना बसतो. आज नृत्यासाठी मुद्दाम नवी जमीन करतात तीही अशीच दबणारी करतात. आपल्याकडे ती आधीपासून आहे, फक्त वाळवीपासून आणि पाण्यापासून वाचवायची आहे.

ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात १९७७ साली वास्तुविशारद लीना बो बार्दी यांच्याकडे बंद पडलेल्या पिंपांच्या कारखान्याच्या जागी केंद्र उभारायचे काम आले. सुटीच्या दिवशी त्या तिथे गेल्या, तर शेडमध्ये मुले खेळत होती, कुटुंबेच्या कुटुंबे जमली होती. माणसांनी जागा आधीच आपलीशी केली आहे हे पाहून त्यांनी शेड पाडल्या नाहीत. विटा मोकळ्या केल्या आणि त्याच भिंतींमध्ये नाट्यगृह, वाचनाची जागा, कार्यशाळा बसवल्या. १९८२ साली ते केंद्र लोकांसाठी खुले झाले. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही म्हटले आहे की, वास्तू समाजाच्या उपयोगात असेल तर तिचे जतन सोपे होते. आमचाही अनुभव हाच. ज्या खोल्यांत रोज वर्ग भरतात, तिथली गळती त्याच दिवशी कळते. कुलूपबंद खोल्यांतली कळली तेव्हा छताच्या फळ्या खाली आल्या होत्या.

वायरिंगबद्दल मात्र आम्हांला खरी भीती वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. लंडनचे बॅटर्सी आर्ट्स सेंटर १८९३ साली नगरभवन म्हणून बांधलेल्या इमारतीत आहे. मार्च २०१५मधल्या आगीत त्याच्या मोठ्या सभागृहाचे छप्पर गेले, ते सभागृह पुन्हा सुरू व्हायला २०१८ उजाडले. वाळलेले लाकूड आणि छपराखालची सलग पोकळी मिळाली की आग किती वेगाने पसरते, हे वेगळे सांगायला नको. आपल्या केंद्रात जसजसे वर्ग वाढले तसतसे वायरिंगला जोड दिले गेले. ते सगळे उतरवून नवे करायचे आहे, पोकळीत आडभिंती घालायच्या आहेत आणि धुराची सूचना देणारी यंत्रणा बसवायची आहे.

कामाचा क्रम ठरला आहे. पहिल्यांदा पन्हळी आणि वायरिंग, मग तुळया, शेवटी भिंती. पैसे कमी पडले तर भिंती थांबतील, छप्पर थांबणार नाही. देणगी लहान असो वा मोठी, ती दुरुस्तीच्या स्वतंत्र खात्यात जमा होईल आणि पावती मिळेल. दर महिन्याचा जमाखर्च प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावू. बिले कोणालाही कार्यालयात पाहता येतील.

पैसे देणे जमणार नसेल तरी येऊ शकता. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेले अभियंते, सुतार, इलेक्ट्रिशियन यांनी आराखडा पाहून मत द्यावे, विरोधी असेल तर आवर्जून द्यावे. पन्हळींतला पालापाचोळा वेळच्या वेळी निघावा म्हणून स्वयंसेवकांची पाळी लावत आहोत. जे शिडीवर चढणार नाहीत त्यांच्यासाठी खाली पाहणी करून नोंदी ठेवायचे काम आहे. भिंतींवर मात्र कोणीही स्वतःहून हत्यार चालवू नये. सभागृह बंद असेल त्या काळात गायनाचे आणि नाटकाचे वर्ग मागच्या इमारतीत भरतील, एकही वर्ग रद्द होणार नाही.

आणखी एक मागणे आहे. आपल्या घरी या इमारतींची जुनी छायाचित्रे असतील, अगदी एखाद्या समारंभाच्या फोटोत मागे खिडकी दिसत असेल तरी, ती दाखवा. दर्शनी बाजूच्या काही खिडक्या बुजवलेल्या आहेत आणि त्यांचे मूळ माप आम्हांला हवे आहे. छायाचित्राची प्रत काढून मूळ आपल्या हाती तिथल्या तिथे परत देऊ.

आपली,
कला केंद्राची कार्यकारी समिती