मैत्री मंडळ कसं चालवायचं ते माल्टात येऊन बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरची ई-आवृत्ती मी इथे माल्टात बसून रोज वाचते (बातम्या कमी, वाचकांची पत्रं जास्त, जुनी सवय आहे), आणि गणपती झाले की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या फोटोंचं जे पान येतं तेही न चुकता बघते. ढोल-ताशा, नऊवाऱ्या, मोदकांचे ट्रे, सगळं छान असतं, कधी ओळखीचा चेहराही सापडतो. पण एक गोष्ट दरवर्षी खटकते म्हणून शेवटी लिहायला बसले. मंडळ ज्या देशात आहे त्या देशाचा माणूस त्या फोटोंत जवळजवळ कधीच नसतो, आणि असलाच तर तो शाल-श्रीफळ घेऊन अवघडून उभा असलेला तिथला महापौर असतो.

आता इथलं एक उदाहरण सांगते. व्हॅलेटा ही माल्टाची, म्हणजे सिसिलीच्या खाली भूमध्य समुद्रातल्या या छोट्याशा बेटांच्या देशाची राजधानी, एवढीशी, चालत निघालात तर या टोकाचं त्या टोकाला कधी पोचलात ते कळतही नाही. तिथे सेंट ख्रिस्तोफर स्ट्रीटवर मेसिना पॅलेस म्हणून पिवळसर दगडाचा एक जुना वाडा आहे आणि त्यात जर्मन-माल्टीज सर्कल ही संस्था चालते. नाव ऐकून मला आधी वाटलं की इथे राहणाऱ्या जर्मन लोकांचा क्लब असणार, रविवारी केक-कॉफी आणि ऑक्टोबरात बिअर, झालं. पण तिथे येणारी मंडळी बघितली तर बरीचशी माल्टीज! म्हणजे जर्मन भाषेची, संगीताची ज्यांना आवड आहे असे इथलेच लोक. वर्षभर जर्मनचे क्लास चालतात, अगदी पहिल्या पायरीपासून वरच्या लेव्हलपर्यंत, गोएथे इन्स्टिट्यूटच्या (आपल्याकडचं मॅक्समुल्लर भवन म्हणजे तेच) परीक्षा होतात, शिवाय व्याख्यानं, पियानोच्या आणि गाण्याच्या मैफिली, चित्रप्रदर्शनं, जर्मन सिनेमे. ऑफिस सुटल्यावर लोक दप्तरासारखी बॅग घेऊन क्लासला येतात, आणि त्यातलेच काही जण पुढे मैफिलीला मागच्या खुर्चीत दिसतात. मला विचाराल तर सगळी गंमत या 'पुढे'मध्ये आहे. भाषा शिकायला आलेला माणूस तिथेच रेंगाळतो आणि हळूहळू संस्थेचा होऊन जातो.

मी स्वतः जर्मन शिकले पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटला, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांची धडपड बघून थोडं हसूही येतं. माल्टीज भाषेत दोनच लिंगं, त्यामुळे जर्मनचं तिसरं लिंग आलं की बिचारे वैतागतात, आणि आपण मराठी लोक तो-ती-ते करतच मोठे झालेलो, आपल्याला तीन लिंगांचं काय कौतुक. अर्थात कुठला शब्द कुठल्या लिंगात जातो हे आपल्यालाही पाठच करावं लागतं, ते दुखणं सगळ्यांना सारखंच.

पण ही मैत्री फुकटात जमलेली नाही, हे लक्षात घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धात या बेटावर काय झालं हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. माल्टा तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. १९४१ च्या जानेवारीपासून जर्मन विमानं सिसिलीतून उडून इथे बॉम्ब टाकत होती (इटलीची आधीपासूनच टाकत होती), आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये तर कहर झाला. ७ एप्रिलला व्हॅलेटातलं रॉयल ऑपेरा हाऊस उद्ध्वस्त झालं, ९ एप्रिलला मोस्टा गावातल्या चर्चचा भलामोठा घुमट फोडून बॉम्ब आत पडला, आत लोक जमलेले होते, आणि तो फुटलाच नाही, इथे अजून त्याला चमत्कारच म्हणतात. आठवडाभरात, १५ एप्रिलला, ब्रिटनच्या राजाने अख्ख्या बेटालाच जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं, ते आजही माल्टाच्या झेंड्यावर आहे. त्या वर्षी सरकारी सार्वजनिक स्वयंपाकघरांतून रांगा लावून जेवण मिळायचं, ऑगस्टमध्ये जहाजांचा ताफा कसाबसा बंदरात पोचला म्हणून बेट तगलं. ऑपेरा हाऊसचे ते अवशेष कितीतरी वर्षं शहराच्या दारातच तसेच पडून होते, आता २०१३ पासून तिथे रेन्झो पियानो या इटालियन वास्तुकाराने केलेलं उघडं नाट्यगृह आहे.

आणि हे सगळं झाल्यावर वीसेक वर्षांतच, साठच्या दशकात, म्हणजे माल्टा १९६४ ला स्वतंत्र झाला त्याच्या आसपास, इथल्याच लोकांनी जर्मन-माल्टीज मैत्रीची संस्था काढून त्यांची भाषा शिकायला सुरुवात केली. ज्यांच्या घरात बॉम्बच्या आठवणी ताज्या होत्या असे लोक तेव्हा घरोघर असणार. कुणी नाक मुरडलं असेल, कुणी नातेवाइकांची बोलणी खाल्ली असतील, तरी संस्था टिकली. आपल्याकडे तर शेजारच्या राज्याची भाषा शिकायची म्हटलं तरी कपाळावर आठ्या पडतात, असो.

नातं तसं जुनंच आहे म्हणा. सेंट जॉनच्या सरदारांचं, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या एका धार्मिक संघाचं, इथे राज्य होतं तेव्हा युरोपातल्या एकेका प्रांताच्या सरदारांचं एकेक निवासस्थान असायचं, जर्मन सरदारांचंही व्हॅलेटात होतं, ते पाडून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात त्या जागी सेंट पॉलचं अँग्लिकन चर्च बांधलं. आणि नेपोलियनने १७९८ मध्ये माल्टा घेतला तेव्हा गादीवर असलेला ग्रँड मास्टर, म्हणजे या सरदारांचा प्रमुख, फर्डिनांड फॉन होम्पेश हा जर्मनच होता, त्याने जवळजवळ न लढताच बेट देऊन टाकलं. तरीसुद्धा झब्बर गावाच्या वेशीवर त्याच्या नावाची कमान अजून उभी आहे, कारण त्याने त्या गावाला शहराचा दर्जा दिला होता, आणि गावकरी असले उपकार विसरत नाहीत.

एक सण सांगते म्हणजे कल्पना येईल. ११ नोव्हेंबर हा सेंट मार्टिनचा दिवस. जर्मनीत त्या संध्याकाळी पोरं कागदाचे कंदील काठीला लावून गाणी म्हणत गल्लीतून फिरतात, बऱ्याच ठिकाणी पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन असतो. माल्टात कंदील नाही, पण मुलांना एक पिशवी मिळते, 'बोर्झा', त्यात अक्रोड, बदाम, हेझलनट, चेस्टनट, सुकी अंजीर, संत्री आणि एक छोटा गोड पाव. त्या आठवड्यात ऑफिसात कुणी ना कुणी टेबलावर सुका मेवा आणून ठेवतं आणि दिवसभर कटकट फोडण्याचा आवाज चालू असतो, साहेबसुद्धा फोडत असतात. संत एकच, तारीख एकच, एकीकडे कंदील आणि दुसरीकडे पिशवी. अशा वेळी लहान मुलांना एकत्र बसवलं की कुणाला भाषण करावंच लागत नाही, हातात कंदील आणि पिशवी दोन्ही दिलं की पोरं आपली आपण बोलायला लागतात.

बरं, हे एकतर्फीही नाही. जर्मन लोक माल्टीज भाषेवर काम करतात, आणि तेही हौस म्हणून नाही, नीट. बेर्टा इल्ग नावाच्या बव्हेरियातल्या बाईने इथल्या लोककथा गोळा करून १९०६ मध्ये जर्मनमध्ये छापल्या, आणि ब्रेमेन विद्यापीठात तर माल्टीज भाषेच्या अभ्यासाचं केंद्र आहे, माल्टीज भाषाशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटनाही २००७ मध्ये ब्रेमेनलाच सुरू झाली. साडेपाच-पावणेसहा लाख लोकसंख्येच्या देशाची भाषा आणि तिची संघटना जर्मनीत! आपल्यालाही हा अनुभव आहेच की, हायडेलबर्गचे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर खंडोबा, बिरोबा आणि धनगरांमागे रानोमाळ हिंडले, त्यांनी जे टिपून ठेवलं त्यावर आपले अभ्यासक अजून विसंबतात. पण हायडेलबर्गच्या गल्लीत आपण मराठी लोकांनी तिथल्या लोकदैवतांचं, लोकगीतांचं काय टिपलं? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते, उत्तर काही फार अभिमानाचं नाही.

फार भाबडं चित्र रंगवायचं नाहीये मला. लोक जर्मन शिकतात ते शिलरच्या कवितांसाठीच असं कुणी समजू नये. इथे हाल फार भागात प्लेमोबिल या जर्मन खेळण्यांच्या कंपनीचा मोठा कारखाना आहे, ती हसऱ्या चेहऱ्याची छोटी माणसं माल्टातच बनतात, विमानतळाजवळ लुफ्तान्साच्या विमानांची दुरुस्ती होते, जर्मन टुरिस्ट येतात, जर्मन पोरं उन्हाळ्यात इंग्लिश शिकायला येतात. पोटाचा संबंध आहेच आणि त्यात लाज कसली. शिवाय अशा संस्थांत सगळीकडे असतं तसं इथेही पांढऱ्या केसांचं प्रमाण जास्त, तरुण मंडळी परीक्षा पास झाली की गायब. पण पोटासाठी आलेल्या शंभरातले पाच-दहा जरी मैफिलीसाठी थांबले तरी संस्था चालते, आणि थांबायला काहीतरी असावं लागतं, तेवढंच त्यांनी केलंय.

आता आपलं. माल्टात गेल्या काही वर्षांत भारतीय खूप वाढलेत, नर्सेस, ड्रायव्हर, हॉटेलातले लोक, जेवणाचे डबे पोचवणारी स्कूटरवरची पोरं. बस भरलेली असली की स्टॉपवरच्या काही नजरा आमच्याकडे वळतात, 'हे सगळे कुठून आले' अशा. त्या नजरेला मी वंशद्वेष म्हणून सोडून देऊ शकते, काही वेळा तो असतोही, पण काही वेळा नुसती अनोळख असते. आम्ही आमच्यात, ते त्यांच्यात. १८७८ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान डिझरायलीने रशियाला धाक दाखवायला हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैनिक जहाजांनी इथे आणले होते, मुंबईहून, आणि त्यानंतर लवकरच सिंधी व्यापाऱ्यांनी व्हॅलेटात दुकानं थाटली. म्हणजे आपलं येणं-जाणं दीडशे वर्षांचं आहे, हे इथल्या लोकांना माहीत नाही आणि आमच्यातल्या बहुतेकांनाही नाही. एक व्याख्यान तर सहज होईल यावर, एखादा माल्टीज इतिहासाचा मास्तर पकडायचा, आपण चहा आणि चिवडा ठेवायचा.

लोक म्हणतात वेळ कुठे आहे, बारा-बारा तासांच्या शिफ्ट असतात, हॉलचं भाडं कोण देणार. खरं आहे. वाडा आपल्याला कुणी देणार नाही. पण गणपतीला आपण वेळ काढतोच ना, वर्गणी निघतेच ना? मग त्यातूनच सुरुवात करता येईल, आणि त्यासाठी तर माल्टासारखी दुसरी जागा नाही. इथे प्रत्येक गावाच्या संताची 'फेस्ता' असते, मूर्ती खांद्यावरून मिरवणुकीत, रस्त्यावर कमानी आणि लायटिंग, बाल्कनीतून कागदाच्या चिंध्यांचा पाऊस, फटाके असे की काचा हादरतात. आणि हे सगळं करतो गावाचा बँड क्लब, वर्षभर वर्गणी गोळा करतो, पोरांना ट्रंपेट-क्लॅरिनेट शिकवतो, आणि बऱ्याच गावांत असे क्लब दोन, दोघांची जन्मोजन्मीची चुरस, कुणाची रोषणाई भारी, कुणाचे फटाके मोठे. सदाशिव पेठेतल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही, तो पहिल्या मिनिटाला विचारेल की यांच्यात मानाचा कुठला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे, माल्टातल्या मराठी घरांना आणि जिथे जिथे आपली मंडळं आहेत त्या सगळ्यांना. पाहुणा म्हणून महापौर नको, शेजारच्या गावाचा बँड क्लब बोलवा, त्यांचा एखादा माणूस कमिटीवर घ्या, नुसता नावाला नाही, हिशोब बघायला. वर्षातून एक मोठा दिवस करण्याऐवजी महिन्यातून एक छोटी संध्याकाळ करा, मराठी शिकायला कुणी येणार नाही म्हणून हसू नका, ज्यांनी मराठी मुला-मुलींशी लग्न केलंय ते येतील, त्यांच्यापासून सुरू करा. आणि आपल्यातल्या पोरांनी माल्टीज शिकायचा कंटाळा करू नये, इंग्लिशवर भागतं म्हणून मीही फार काळ शिकले नव्हते, आता मोडकंतोडकं बोलते तर भाजीवाला वजनात दोन लिंबं जास्त टाकतो.

राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्याच्यासाठी मुलांना जर्मन शिकवायचीही योजना आहे, आपल्या पेपरातच वाचलं. नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, सगळे जातील, जावेत. त्या क्लासच्या टाइमटेबलात व्याकरण आणि इंटरव्ह्यूची तयारी याशिवाय महिन्यातून एक संध्याकाळ मोकळी ठेवावी, एखादा जर्मन सिनेमा, तिथल्या गावातली माणसं कशी राहतात यावर कुणी राहून आलेल्याने मारलेल्या गप्पा, एवढंच. पुण्या-मुंबईत मॅक्समुल्लर भवन आहे, तिथल्या लोकांना विचारलं तर ते मदत करतील, पण लातूर, नांदेड, चंद्रपूरच्या मुलांचं काय? तिथल्या कॉलेजांनी आणि वाचनालयांनी हे मनावर घ्यायला हवं, आणि आपल्या पेपरने त्याचा पाठपुरावा करावा अशी विनंती आहे.

आपली,
एक वाचक
(मूळ पुणे, सध्या माल्टा)