काकूंना घेऊन कॅजुन ब्रंचला जाताना

प्रिय मंदार,

मार्चअखेर ह्यूस्टनहून सगळ्यांना घेऊन न्यू ऑर्लिन्सला निघतोयस आणि वाटेत लुइझियानातल्या लाफायेतच्या आसपास ब्रंचला थांबायचं ठरवलंयस, हे उत्तम केलंस. शाकाहारी काकूंनी काय खायचं, असं विचारलंयस, तेही सांगतो. सकाळी सहाला गाडी काढलीस तर आय-१० महामार्गावरून सव्वातीन-साडेतीन तासांत लाफायेत येतं. तिथून थोडं पुढे ब्रो ब्रिज हे गाव. दहाच्या आत दारात उभा राहा. रविवारी साडेदहा ते एक ही गर्दीची वेळ, आणि सहाजणांचं टेबल लवकर रिकामं होत नाही. गाडी लावायच्या आधीच कुणाला तरी आत पाठवून यादीत नाव घाल.

मेन्यू वाचताना एक खूणगाठ बांध. या स्वयंपाकघरात दोन तऱ्हेचे पदार्थ असतात: काल रात्रीपासून मुरलेले आणि ऑर्डर गेल्यावर तव्यावर किंवा तेलात पडणारे. पहिले सहसा दगा देत नाहीत. घात होतो तो दुसऱ्यांत. तसा हा ब्रंच कष्टकऱ्यांच्या दुसऱ्या न्याहारीतून आणि उरल्यासुरल्यातूनच उभा राहिलाय. १९व्या शतकात न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच मार्केटमधले खाटीक पहाटेपासून राबून अकराच्या सुमाराला दुसरी न्याहारी करायचे, आणि खाणावळवाली मादाम बेगे त्यांना भरपेट वाढायची. मेन्यूत ‘पें पर्द्यू’ दिसेल, म्हणजे ‘वाया गेलेला पाव’. शिळा फ्रेंच पाव अंड्या-दुधात भिजवून तव्यावर परततात. ‘कालास’ दिसले तर ती उरलेल्या भाताची गोड भजी. फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात खाऊन वाढलेल्याला यात परकं काही वाटू नये.

कॅजुन आणि क्रिओल यांचा घोळ आधी मिटवू. ब्रिटिशांनी १७५५ पासून नोव्हा स्कोशियातून हाकललेले फ्रेंच भाषक अकेडियन लुइझियानात येऊन वसले. त्या ‘अकेडियन’चं झालं ‘कॅजुन’. त्यांचं जेवण खेड्यातलं, एका भांड्यातलं, खरपूस. क्रिओल हे शहराचं: फ्रेंच, स्पॅनिश आणि आफ्रिकी हातांचं, त्यात लोणी, साय, टोमॅटो सढळ. जांबालाया म्हणजे मांस-मसाल्याचा भात; तो लाल आला तर शहरी, तपकिरी आला तर गावाकडचा. तू थांबणार तो मुलूख कॅजुनांचा, पण ब्रंचच्या मेन्यूत दोन्ही सुखाने नांदतात.

पहिल्यांदा गंबो, म्हणजे मांस किंवा कोळंबी घातलेला, भातावर वाढायचा रस्सा, मागव, तोही ‘कप’, ‘बोल’ नको. त्यावरून आचारी कळतो. गंबोचा जीव म्हणजे रू: तेल आणि मैदा समसमान, एक वाटीला एक वाटी, मध्यम आचेवर न थांबता हलवत पाऊण तास. बेसनाच्या लाडवाला भाजतो तिथे थांबायचं नाही. त्याच्या पुढे, शेंगदाण्याच्या रंगापुढे, थेट चॉकलेटच्या रंगापर्यंत जायचं. त्या रंगाला पोचलं की कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची एकदम टाकतात. या तिघांना तिथे ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. भाज्यांमधल्या पाण्याने रूचं तापमान उतरतं, करपणं थांबतं. हात अर्धा मिनिट जरी थांबला तरी तळाशी काळे ठिपके येतात, आणि मग ते सगळं फेकून पुन्हा सुरुवात, कारण तो कडवटपणा कशानेही जात नाही. चमच्यात घेऊन बघ: रस्सा काळपट तपकिरी, चकचकीत, वर तेलाचा बारीक तवंग, आणि घट्टपणा बेताचा. मैदा जितका भाजला जाईल तितकी त्याची दाटपणा द्यायची ताकद कमी होते, त्यामुळे काळा गंबो पातळ असणं हा दोष नाही. फिकट आणि पिठल्यासारखा दाट आला, तर आचारी घाईत होता असं समज.

गंबो हे नावसुद्धा पश्चिम आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या शब्दावरून आलंय. काही जण बुळबुळीसाठी भेंडी घालतात, तर काही फिले, म्हणजे ससाफ्रासच्या पानांची पूड. ही तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांची देणगी. टेबलावर फिलेची बाटली दिसली तर वरून चिमूटभर घे. उकळत्या रश्शात घातली की तारा सुटतात, म्हणून ती गॅस बंद केल्यावरच. लाफायेतकडे गंबोत भाताऐवजी बटाट्याचं सॅलड घालून खाणारेही भेटतील. नाक मुरडू नकोस, आंबट-थंड घास त्या खरपूस रश्शात झकास लागतो.

मार्चअखेर म्हणजे क्रॉफिशचा, गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडासारख्या जिवाचा, भर हंगाम. भात कापून झाला की त्याच खाचरांत पाणी सोडून क्रॉफिश वाढवतात. त्याचं एटूफे मागव. शब्दाचा अर्थ ‘गुदमरवलेलं’, म्हणजे झाकण ठेवून मंद आचेवर शिजवलेलं. अर्ध्या किलोच्या आतबाहेर सोललेल्या शेपट्यांना शंभरेक ग्रॅम लोणी, तीच ट्रिनिटी, थोडा मैदा, थोडं पाणी. शेपट्या आधीच उकडलेल्या असतात, म्हणून त्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घालायच्या. जास्त शिजल्या की रबर. रंग आणि चव येते क्रॉफिशच्या डोक्यातल्या नारिंगी चरबीतून. गोठवलेला, धुऊन पाठवलेला आयात माल वापरला की ती चरबी गेलेली असते, मग टोमॅटोने नाहीतर पॅप्रिकाने रंग आणतात. लुइझियानात आयात क्रॉफिश किंवा कोळंबी वाढणाऱ्याला तसं गिऱ्हाइकाला कळवावं लागतं. मेन्यूच्या तळाचा बारीक मजकूर वाच.

आता ग्रिट्स. मक्याच्या कण्याच त्या. एक भाग कण्या, चार भाग पाणी किंवा दूध, आणि दगडी जात्यावरच्या असतील तर शिजायला पाऊण ते एक तास. थंड झाल्या की सांज्यासारख्या घट्ट बसतात, म्हणून चांगला आचारी मधूनमधून गरम दूध घालून सैल करत राहतो. ताटलीत वडीसारख्या उभ्या राहिल्या तर परत पाठव, हक्काने. वरची कोळंबी इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली असावी. ‘ओ’ झाली असेल तर ती जास्त शिजलीय. ग्रिट्सवर ‘ग्रियाद’ही देतात, रश्शात तासन्‌तास शिजवलेले मांसाचे पातळ काप. हे मुरलेल्यातलं, म्हणजे खात्रीचं, पण ते गाईचं किंवा वासराचं असतं, क्वचित डुकराचं. काकांसाठी मागवण्याआधी विचार. बूदँ म्हणजे डुकराचं मांस आणि भात भरलेलं सॉसेज, बरेचदा त्यात कलेजीही असते. वरचं आवरण बहुतेक जण खात नाहीत, एका टोकाने दाबून आतलं पिळून काढतात. ‘ब्लॅकन्ड’ लिहिलेलं काही घेऊच नकोस असं मी म्हणेन. मसाला चोळून तो काळा होईस्तोवर भाजायची ती पॉल प्रुडोम या शेफने १९८०च्या दशकात गाजवलेली पद्धत, तवा धुरकट तापलेला हवा. रविवारच्या गर्दीत तेवढा ताप राहत नाही आणि मासा नुसता मसाल्यात वाफवला जातो.

काकूंचं काय, हा तुझा खरा प्रश्न. भाजी दिसते म्हणून शाकाहारी समजू नकोस. हिरव्या पालेभाजीत हॅमचं हाड, राजम्यात सॉसेज, चीज ग्रिट्समध्ये कोंबडीचं पाणी, बिस्किटात (तिकडे बिस्कीट म्हणजे मऊ, छोटा पाव) कधीकधी डुकराची चरबी. ‘व्हेजिटेरियन आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘यात कुठला स्टॉक आहे, कुठली चरबी आहे, हे कोळंबीच्याच तेलात तळता का?’ असं तुकड्यातुकड्याने विचार. दूध-पाण्यात शिजवलेल्या ग्रिट्स आणि, अंडं चालत असेल तर, पें पर्द्यू हे सगळ्यात सोपं, फक्त पें पर्द्यू बेकनच्या तव्यावर नको म्हणून सांग. ब्लडी मेरी या टोमॅटो-रस आणि व्होडकाच्या पेयात वूस्टरशर सॉस असतो आणि त्यात अँचोव्ही मासा. दारूविना मागवली तरी तो येतोच.

बेन्ये मुलांना आवडतील. यीस्टच्या पिठाचे चौकोन, पाऊण सेंटिमीटरच्या आत लाटलेले, १८५ अंशांच्या आसपासच्या तेलात. पुरीचंच शास्त्र: तेल निवलं किंवा एकदम खूप सोडले की फुगत नाहीत, तेल पितात. सगळं खाऊन झाल्यावरच ऑर्डर दे, आधी सांगितलेस तर बाकी ताटं येईस्तोवर चामट होतील. वर पिठीसाखरेचा ढीग असतो. चावताना श्वास आत घेऊ नकोस, ठसका ठरलेला. सोबत चिकोरीची कॉफी, अर्धं गरम दूध घालून. काकूंना उडुप्याच्या हॉटेलातली कॉफी आठवेल.

बिलात मेन्यूच्या दरावर साधारण दहा टक्के कर आणि वर १८ ते २० टक्के टिप धर. शंभर डॉलरचं खाणं १३०च्या घरात जातं. सहा किंवा जास्त माणसं असली की बरेच जण टिप बिलातच लावून टाकतात. ‘ग्रॅच्युइटी’ची ओळ पाहूनच पेन उचल, नाहीतर दोनदा देशील.

गंबो आवडला तर जास्तीचा बांधून घे, दुसऱ्या दिवशी तो अधिकच चांगला लागतो. मात्र भात वेगळ्या डब्यात माग, एकत्र ठेवलास तर रात्रीत भात सगळा रस्सा पिऊन बसेल. आणि गाडीत बर्फाची पेटी ठेव, लुइझियानाची दुपार मार्चमध्येही तापते.

काका-काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास