वडिलांना झटका आला, मुलांची तपासणी कोण करणार?

संपादक महोदय,

तिशी-चाळिशीतल्या कोणाला हृदयविकाराचा झटका आला की चर्चा धावपळ, ताण आणि बाहेरचे खाणे यांपाशीच थांबते. ही कारणे खोटी नाहीत. पण माझ्या 34 वर्षांच्या भाच्याच्या बाबतीत जे घडले ते पाहता, वडिलांना हृदयविकार कितव्या वर्षी झाला हा प्रश्न त्याला आधी कोणीच का विचारला नाही, याची खंत वाटते.

त्याच्या वडिलांची बायपास 49व्या वर्षी झाली. वडील वा भावाला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाआधी किंवा आई वा बहिणीला वयाच्या पासष्टाव्या वर्षाआधी हृदयविकार झाला असेल, तर धोका वाढतो, हे डॉक्टरांना नवे नाही. तरीही रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर पथ्य, गोळ्यांच्या वेळा आणि पुढची तारीख एवढेच होते. मुलांच्या तपासणीबद्दल एक ओळही नव्हती.

गेल्या पावसाळ्यात दादर स्थानकाचा जिना चढताना भाच्याच्या छातीवर दडपण आले आणि डाव्या हातात कळ गेली. ॲसिडिटी समजून, केमिस्टकडून गोळी घेऊन तो मालाडला रात्रपाळीला गेला. निदान होईपर्यंत सहा तास उलटले होते आणि हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा निकामी झाला. तो सिगारेट ओढत असे, हे लपवण्यात अर्थ नाही; तरुणांच्या झटक्यांमागे तंबाखू हे फार मोठे कारण आहे. पण तरुणपणी पुष्कळदा रक्तवाहिनी फारशी अरुंद झालेली नसते, तिच्यातला चरबीचा थर अचानक फुटून त्यावर गुठळी धरते, त्यामुळे आधी दम लागणे किंवा छातीत दुखणे अशी सूचना मिळेलच असे नाही. म्हणूनच त्रास होण्याची वाट न पाहता रक्त तपासायला हवे.

2004 साली प्रसिद्ध झालेल्या, 52 देशांत केलेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर असे नऊ घटक बहुतेक झटक्यांच्या मुळाशी असल्याचे दाखवले. आपल्या उपखंडातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे लवकर येतो, हेही त्याच अभ्यासाच्या माहितीतून पुढे आले. त्याशिवाय हृदयविकाराचा धोका वाढवणारा, रक्तातील लायपोप्रोटीन-ए नावाचा घटक मुख्यत्वे आनुवंशिक असतो. तो नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीत, मोजला जात नाही, मात्र आयुष्यात एकदा तपासला तरी बहुधा पुरते.

माझी विनंती एवढीच आहे की, कमी वयात अँजिओप्लास्टी वा बायपास झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर ‘भावंडे व सज्ञान मुलांची तपासणी करावी’ अशी ओळ मराठीत छापणे महापालिका व खासगी रुग्णालयांना सक्तीचे करावे. याला वेगळा खर्च लागत नाही.

भाच्याच्या 26 वर्षांच्या बहिणीची तपासणी आम्ही त्यानंतर करून घेतली. तिचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल, 196 इतके जास्त निघाले असून, तिला कसलाही त्रास नसताना उपचार सुरू झाले आहेत.

— एक वाचक, लालबाग, मुंबई