नाना, तुमच्या पेन्सिलीच्या फुल्यांबद्दल

दांडिया बाजार, बडोदा

आदरणीय नानांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही म्हणता, "बरं, नळाला पाणी आलं, ठेवतो." असं तीनदा झालं. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितेय. पत्र काही मध्येच ठेवता येत नाही. नाव घालू नका म्हणालात, नाही घालत. आपल्या बडोद्यात वाड्यागणिक एक नाना आहे, त्यातले तुम्ही कोण ते ज्याला कळायचं त्याला कळेल.

१२ नोव्हेंबर ही पक्षितज्ज्ञ सालिम अलींची जयंती. त्या दिवशी मंडळातल्या मुलांना निसर्गाच्या पहिल्या अभ्यासकांबद्दल चाळीस मिनिटं काहीतरी सांगायचं माझ्या गळ्यात पडलं होतं. मी मराठी शिकवणारी बाई. पक्ष्यांतला कावळा ओळखते, आणि पोपट. फोनवर येणारं सगळं जमवून, त्याला थोडी फोडणी देऊन मी बारा पानं लिहिली. दीर म्हणाले, "त्या नानांना दाखव. जन्मभर तलावाचं पाणी मोजत होते, पाखरंही मोजतात म्हणे."

दोन दिवसांनी पानं परत आली ती फुल्याफुल्यांची. खरं सांगू, राग आला होता.

पहिलीच फुली माझ्या लाडक्या प्रसंगावर होती. लहानगा सालिम छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारतो, तिच्या मिटत्या डोळ्यांकडे बघून त्याला रडू कोसळतं, आणि तो बंदूक कायमची टाकून देतो. समासात तुमचा प्रश्न: "रडताना कोणी पाहिलं?" कोणीच नाही, नाना. मीच रडवलं होतं त्याला.

मग ओट्यावर बसून तुम्ही खरी गोष्ट सांगितलीत. दहा-बारा वर्षांचा मुलगा. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग, म्हणून ती खायला चालेल की नाही असा त्याला प्रश्न. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड साहेबांनी पीतकंठी चिमणी म्हणून ती ओळखली आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी रांगेने दाखवले. पोराला वेड लागलं ते त्या खणांचं. पश्चात्तापाचा तिथे संबंधच नव्हता. उलट त्याच सुमारास सालिम अलींनी टिपून ठेवलंय की घरट्यावर पहारा देणारा चिमणा मारला तर चिमणी लगेच दुसरा आणते. सात दिवसांत त्याच जागेवरचे आठ नर त्यांनी मारले.

"हे मुलांना कसं सांगू?" मी विचारलं.

"घडलं तसं. मुलं तुमच्यापेक्षा धीट असतात."

तुमचं म्हणणं असं की ही माणसं संत नव्हती, हिशेबी होती. त्यांच्या काळात पक्षी हातात घेऊन बघायचा तर तो मारावाच लागे. मारलेल्या प्रत्येक पाखराच्या पायाला चिठ्ठी: कुठे, कधी, नर की मादी. अशाच चिठ्ठ्या बांधत सालिम अली संस्थानामागून संस्थान फिरले. हैदराबाद, त्रावणकोर, आणि १९४०च्या दशकात आपल्या बडोदा सरकारच्या मदतीने गुजरातही. आपल्या गायकवाडांचा यात हात होता हे मला पन्नाशीत कळावं! कमाटीबागेतल्या संग्रहालयात मी शेकडो वेळा गेले असेन, ते देवमाशाच्या सांगाड्यासाठी.

राजस्थानातल्या भरतपूरच्या पाणपक्ष्यांच्या तलावाचं तर मी लिहिलंच नव्हतं. ते तुम्ही पानामागे लिहून दिलंत. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, आणि तो आकडा अभिमानाने दगडावर कोरलेला आहे. त्याच दिवशी सालिम अलींना ४२ वर्षं पूर्ण झाली होती. पुढे स्वातंत्र्यानंतर तलाव आटवून शेती करायची मागणी आली, तेव्हा हेच गृहस्थ थेट नेहरूंपर्यंत गेले. तलाव वाचला. १९८५ मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला.

माझ्या मनात मात्र रुतून बसली ती रानपिंगळ्याची गोष्ट. एवढंसं घुबड, १८७३ मध्ये ह्यूम साहेबांनी नाव दिलेलं. काँग्रेस काढणारे तेच ह्यूम. १८८४ नंतर हे घुबड कुणाला दिसेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने. त्यातला एक कर्नल माइनर्ट्झहागेन या पक्षी जमवणाऱ्या इंग्रज साहेबांनी १९१४ मध्ये मांडवीला मिळाल्याचं सांगितलेलं. हे तुम्ही सांगत होतात तेव्हा आमचा चिंटू ओरडला, "आपल्या मांडवी दरवाज्यात घुबड?" हसून झाल्यावर तुम्ही नकाशावर तापीकाठची मांडवी दाखवलीत, सुरत जिल्ह्यातली.

पण घुबड त्या मांडवीलाही मिळालेलं नव्हतं. कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून दुसऱ्याचा नमुना लांबवला, नव्याने भरला आणि आपली चिठ्ठी बांधली. १९९०च्या दशकात पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन बाईंनी त्याची क्ष-किरण चित्रं काढली. आतलं काम जेम्स डेव्हिडसन यांच्या हातचं निघालं. डेव्हिडसन म्हणजे १८८०च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेले, पक्षी जमवणारे इंग्रज अधिकारी. मग बाईंनी ती खोटी नोंद बाजूला सारली, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरली, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ त्यांच्या चमूला झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! खोट्या चिठ्ठीने लोकांना भलतीकडे पाठवलं आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या चिठ्ठीने दारात नेऊन सोडलं. हेच कर्नल १९३७ मध्ये सालिम अलींबरोबर अफगाणिस्तानात हिंडले होते. सोबतीचा माणूसही ओळखता येत नाही म्हणायचं.

माझी रडवणारी चिमणी आणि कर्नलचं घुबड यांत फरक किती, हे तुम्ही बोलला नाहीत. चहाचा कप खाली ठेवलात फक्त. ती दोन पानं मी त्याच रात्री फाडली.

मग जानेवारीतला तो रविवार. मुलं अकरा, दुर्बीण एक, आणि सेव-उसळ डभोईलाच खायची की परतताना बडोद्यात, यावर गाडीत भांडण. डभोईजवळच्या वढवाणा तलावाच्या बंधाऱ्यावर तुम्ही तुमची जुनी वही काढलीत. तलाव सयाजीरावांच्या राजवटीत, १९१०च्या सुमारास, ओरसंगचं पाणी शेतीला द्यायला बांधलेला, म्हणून वहीत रोजची पाण्याची पातळी. आणि समासात बारीक अक्षरात पाखरं. खात्याने मागितलेली नव्हती, तरी लिहिलेली.

चिंटूने वहीत लिहिलं, "हजारो पक्षी." तुम्ही विचारलंत, "किती हजार?" मग शिकवलंत. आधी दहा वारकरी, म्हणजे ती काळी पाणपाखरं, मोजायचे, ते पाण्यावर जेवढी जागा धरतात तेवढा तुकडा डोळ्यांत धरायचा, आणि तोच पुढे सरकवत न्यायचा. पाणथळीला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत घेताना जी मापं लावतात त्यातलं एकच मी लक्षात ठेवलंय, नेहमी वीस हजार पाणपक्षी येणं. ते कोणीतरी थंडीत उभं राहून असं मोजलेलं असावं लागतं, हे मला तिथे बंधाऱ्यावर समजलं. वढवाणा २०२१ मध्ये त्या यादीत आला. तुमच्या समासातल्या आकड्यांचा त्यात वाटा आहे का, असं मी विचारलं, तर म्हणालात, "मला काय ठाऊक? मी पाणी मोजत होतो."

परतताना तुम्ही सगळ्यांच्या वह्या तपासल्यात. हळदीकुंकू बदकं, थापटे, तलवार बदकं, नावंच नावं. निम्मी एकमेकांची बघून लिहिलेली. धाकट्या मीनूच्या पानावर एकच ओळ होती: "बदक, एक. डोकं पाण्यात होतं. कोणतं ते कळलं नाही." फुली न मारता तुम्ही बरोबरची खूण केलीत. माझ्या बारा पानांत तशी एकही नव्हती, नाना, मी घरी जाऊन पुन्हा बघितलं.

तुमची वही अजून माझ्याकडेच आहे. मुलं समासातल्या नोंदी उतरवून घेताहेत, १९८६ पर्यंत आलो आहोत. पुढच्या रविवारी आणून देते. तेवढं नळाचं पाणी आधीच भरून ठेवा.

आपली नम्र,
मंडळातल्या बाई